अक्षर आणि अंक : राजधानीतील कलाप्रदर्शनांचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



ऑगस्ट २००८ मध्ये नवी दिल्लीच्या प्रगती मैदानावर ‘इंडिया आर्ट समिट’ या नावाने एक कलामेळावा भरला, तेव्हा त्यात ३४ कलादालनांनी भाग घेतला होता. पुढे ‘इंडिया आर्ट फेअर’ असे नाव धारण केलेल्या याच मेळाव्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये, ओखल्याच्या एनएसआयसी मैदानावर, सहभागी कलादालने व संस्थांची संख्या १२० होती. २००८ मध्येच गुडगावात देवी आर्ट फाउंडेशन सुरू झाले. २००९ मध्ये जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला नवी इमारत मिळाली. किरण नाडर कला संग्रहालयाने २०१० मध्ये नोएडात आणि २०११ मध्ये साकेत येथे आपली दालने उघडली. पंधरा-सतरा वर्षांच्या काळात राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात कलाप्रदर्शनांचे एक लहानसे अर्थविश्वच उभे राहिले, असे म्हणता येईल.

अभ्यासक्रमात मात्र कला ‘संस्कृती’च्या प्रकरणात असते आणि बाजार, कर व रोजगार ‘अर्थव्यवस्थे’च्या प्रकरणात. दोहोंची गाठ क्वचितच घातली जाते. ती घालण्यासाठी दिल्लीतील दोन प्रकारची प्रदर्शने सोयीची आहेत. एका प्रकारात संगणक, ध्वनिचित्रफीत, प्रक्षेपित प्रतिमा आणि अलीकडे यंत्राने निर्माण केलेली चित्रे असतात. दुसऱ्या प्रकारात बोरूने कागदावर लिहिलेले अरबी लिपीतील अक्षर असते. प्रथमदर्शनी ही दोन टोके वाटतात. एक अत्याधुनिक, दुसरे पुरातन. वास्तविक दोन्ही एकाच आर्थिक घटनेची अपत्ये आहेत. मजकुराची नक्कल करण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, ही ती घटना होय. त्या घटनेने एका बाजूला नवे माध्यम दिले आणि दुसऱ्या बाजूला एक जुना धंदा मोडला. त्या धंद्यातील मोजकी माणसे कलादालनाच्या भिंतीपर्यंत पोहोचली. बाकीच्यांचे काय झाले, हा प्रश्न प्रदर्शनाच्या पत्रिकेत विचारला जात नाही.

लिपी एक, भाषा अनेक

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. ‘अरबी सुलेखन’ म्हणून दिल्लीत जे दिसते ते पुष्कळदा अरबी भाषेतील नसते. ते फारसी किंवा उर्दू असते. देवनागरीतून जशी संस्कृत, मराठी, हिंदी व नेपाळी लिहिली जाते, तशीच ही लिपी अनेक भाषांनी स्वीकारली आहे. तिच्या शैलीही वेगवेगळ्या. कोनदार कूफी, ग्रंथलेखनासाठी सोयीची नस्ख, इमारतींवर शोभणारी सुलुस आणि चौदाव्या शतकात इराणात आकाराला आलेली, उजवीकडून डावीकडे तिरकी उतरत जाणारी नस्तालीक. उर्दूने ही शेवटची शैली आपली मानली. पुढील विवेचनात या शैलीला विशेष महत्त्व आहे.

या सुलेखनाची घडण मोजमापाची आहे. दहाव्या शतकात बगदादच्या अब्बासी दरबारात वजीर असलेल्या इब्न मुक्ला यांच्या नावाशी ही पद्धती जोडली जाते. बोरूचे टोक कागदावर तिरके टेकवले की शंकरपाळ्याच्या आकाराचा एक ठिपका उमटतो. तो ठिपका हे माप. ‘अलिफ’ या उभ्या अक्षराची उंची इतके ठिपके, त्या उंचीएवढ्या व्यासाचे वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या कमानींतून उरलेली अक्षरे, अशी ती व्यवस्था आहे. बोरू जाड घ्या वा बारीक, प्रमाण कायम राहते. संगणकावरील अक्षरसंच तयार करणाऱ्याला ही कल्पना नवी वाटणार नाही. इब्न मुक्ला तीन वेळा वजीर झाले, सत्तास्पर्धेत त्यांचा उजवा हात तोडण्यात आला आणि ९४० मध्ये बंदिवासात त्यांचा अंत झाला. त्यांची प्रमाणपद्धती मात्र दिल्लीतील शिकाऊ विद्यार्थ्याच्या वहीत आजही असते.

दिल्लीला ही लिपी प्रदर्शनातून कळलेली नाही. मेहरौलीच्या कुतुब संकुलातील कमानींवर, मिनाराच्या पट्ट्यांवर आणि सुमारे १२३६ च्या इल्तुतमिशच्या कबरीच्या अंतर्भागात ती दगडात कोरलेली आहे. कमानींवरील अक्षरांच्या मधून वेलबुट्टी वळणे घेत जाते. ती वेलबुट्टी स्थानिक पाथरवटांच्या हातची आहे. लिहून देणारा वेगळा आणि कोरणारा वेगळा, ही श्रमविभागणी तेराव्या शतकातच दिसते. एकोणिसाव्या शतकात सर सय्यद अहमद खान यांनी ‘आसार-उस-सनादीद’ या ग्रंथासाठी दिल्लीतील शिलालेखांच्या नकला उतरवून घेतल्या. मिनारावरील उंच ओळी वाचण्यासाठी ते टोपलीत बसून वर चढत, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्याच काळातील दिल्लीचे सय्यद मुहम्मद अमीर रिजवी ऊर्फ मीर पंजाकश यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, दारी आलेल्या याचकाला ते पैशाऐवजी एखादे अक्षर लिहून देत आणि याचक ते बाजारात विकत असे. आख्यायिका खरी असो वा नसो, सुंदर अक्षराला नाण्यासारखी पत होती एवढे तीवरून समजते. १८५७ च्या धामधुमीत मीर पंजाकश मारले गेले.

कातिबाचा धंदा

येथून पुढचा इतिहास छपाईचा आहे, आणि येथे मराठी व उर्दू यांच्या वाटा वेगळ्या होतात. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछपाईवर पंचांग काढले. परंतु देवनागरीचे खिळे पाडण्यात लवकरच यश आले. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) ते कौशल्य फार उंचीवर नेले. परिणामी मराठी वृत्तपत्राच्या मुख्य मजकुरात सुलेखनकाराला स्थान उरले नाही. तेथे खिळे जुळवणारा आला. पुढे सुलेखनकार गेला तो शीर्षके, नाटकांच्या जाहिराती व पुस्तकांच्या मुखपृष्ठांकडे. कमल शेडगे यांची अक्षररचना महाराष्ट्रात घराघरांत पोहोचली ती याच मार्गाने.

नस्तालीकचे खिळे पाडणे मात्र जमेना. तीत प्रत्येक अक्षराचा आकार शेजारच्या अक्षरांनुसार बदलतो आणि शब्द तिरका उतरत असल्याने अक्षराची उंचीही बदलते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेल्या शिळाछपाईने हा पेच सोडवला, नव्हे, टाळला. कातिबाने विशिष्ट कागदावर चिकट शाईने मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरवायचा आणि प्रती काढायच्या. १८३० च्या दशकात मौलवी मुहम्मद बाकर यांनी काढलेला ‘दिल्ली उर्दू अखबार’ या पद्धतीने छापला जात असे. पुढे दगडाच्या जागी धातूचे पत्रे आले, ऑफसेट आले. पण लिहिणारा हात तोच राहिला. त्यामुळे खिळेछपाईने जगभरातील लेखनिकांना निवृत्त केल्यानंतरही उर्दूचा कातिब विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वृत्तपत्राचे पान हाताने लिहीत होता. जामा मशिदीजवळील उर्दू बाजारात पुस्तके, भित्तिपत्रके, लग्नपत्रिका व दुकानांच्या पाट्या हा त्याचा रोजचा व्यवसाय होता. सुंदर लिहिणारा तो ‘खुशनवीस’ आणि पोटासाठी पाने भरणारा तो ‘कातिब’, असा एक सूक्ष्म भेद या व्यवसायात मानला जाई. पण खुशनवीस तयार होत असे कातिबांच्याच गर्दीतून. रोज आठ-दहा तास लिहिणारे शेकडो हात असल्याशिवाय त्यांतील एखादा असामान्य ठरत नाही, हे या व्यवसायाचे साधे गणित होते.

१९८१ मध्ये लाहोरच्या ‘जंग’ दैनिकाने मिर्झा अहमद जमील यांच्या ‘नूरी नस्तालीक’ अक्षरसंचावर छपाई सुरू केली. एकेक अक्षर न घेता सुमारे वीस हजार जोडआकार हाताने लिहून ते यंत्रात साठवायचे, हा त्यामागील उपाय होता. १९९४ मध्ये भारतात तयार झालेल्या ‘इनपेज’ या आज्ञावलीने तीच सोय साध्या संगणकावर आणली. एका दशकाच्या आत वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून कातिबाची बैठक उठली. चेन्नईचे १९२७ मध्ये सुरू झालेले ‘द मुसलमान’ हे दैनिक पुढेही कित्येक वर्षे हाताने लिहिले जात राहिले, म्हणूनच ते देशोदेशींच्या पत्रकारांच्या कुतूहलाचा विषय ठरले. अपवादाची बातमी होते.

या ठिकाणी विद्यार्थ्यांकडून एक चूक होते. पारंपरिक कलेच्या अवनतीचे उदाहरण आले की ‘बॉमोल यांचा खर्चविकार’ असे उत्तर लिहिले जाते. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये मांडलेला सिद्धांत असा की, ज्या सेवांत उत्पादकता वाढू शकत नाही, त्यांचा सापेक्ष खर्च वाढत जातो. वाद्यवृंदातील माणसे कमी करून तीच रचना वाजवता येत नाही. कातिबाचे तसे नव्हते. त्याची सेवा महाग झाली म्हणून गेली नाही. तिला पर्यायी वस्तू मिळाली. ही प्रतिस्थापनेची घटना आहे, आणि तीत एक विलक्षण उपहास दडलेला आहे. ज्या वीस हजार आकारांनी कातिबाला विस्थापित केले, ते आकार एका कसलेल्या हातानेच लिहिलेले होते. हे भांडवल एकदाच निर्माण करावे लागले. त्यानंतर प्रत्येक पानाचा सीमांत खर्च विजेपुरता उरला.

पडद्यावरची कला आणि टंचाईचा प्रश्न

कातिब कचेरीतून बाहेर पडत होता त्याच दशकात दिल्लीच्या परिसरात कलाकार संगणकाकडे वळत होते. १९९७ मध्ये मोदीनगर येथे भरलेल्या कार्यशाळेतून ‘खोज’ ही कलाकारांची संस्था सुरू झाली. पुढे तिने दक्षिण दिल्लीतील खिडकी या वस्तीत घर केले. १९९२ मध्ये जीबेश बागची, मोनिका नरूला व शुद्धब्रत सेनगुप्ता यांनी ‘रक्स मीडिया कलेक्टिव्ह’ स्थापन केले. २००० मध्ये विकसनशील समाज अध्ययन केंद्रात ‘सराय’ हा उपक्रम सुरू झाला. नगरजीवन, माध्यमे व संगणक यांचा एकत्र विचार करणारा हा उपक्रम होता, आणि नक्कल, पायरसी, मुक्त आज्ञावली हे त्याचे जिव्हाळ्याचे विषय होते. देवी आर्ट फाउंडेशनचे २००८ मधील पहिले प्रदर्शन छायाचित्र व चलत्‌चित्र यांचे होते. २०१४ च्या अखेरीस ‘रक्स’चे ‘असमयावली’ हे मोठे प्रदर्शन खुद्द राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले. सतरा वर्षांपूर्वी मोदीनगरातील एका कार्यशाळेपुरती असलेली प्रायोगिकता शासकीय संग्रहालयात स्थिरावली, असा हा प्रवास आहे.

महाराष्ट्रातील वाचकांनी येथे एक जुना दुवा ध्यानात ठेवावा. १९६९ मध्ये जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्ती मिळाल्यावर अकबर पदमसी यांनी मुंबईत चित्रकार व चित्रपटकारांची एक सामाईक कार्यशाळा चालवली आणि तीत ‘सिझिजी’ हा मूक चलत्‌चित्रपट तयार केला. अंक, बिंदू व रेषा यांच्या नियमांवर रचलेला हा चित्रपट कोणत्याही संगणकाविना, हाताने काढलेल्या रेखाटनांतून बनला. आज्ञावलीची कल्पना यंत्राच्या आधी आली, याचे हे उत्तम उदाहरण होय.

डिजिटल कलेची आर्थिक अडचण सुलेखनाच्या नेमकी उलट आहे. सुलेखनाची प्रत एकच असते. डिजिटल कृतीच्या हव्या तितक्या प्रती निघतात आणि त्यांत मूळ कोणती हे ओळखता येत नाही. जी वस्तू विपुल आहे तिला बाजारात किंमत कशी यावी? यावर जुना उपाय म्हणजे मुद्राचित्रांप्रमाणे प्रतींची संख्या ठरवून घेणे. नवा उपाय म्हणजे साखळीनोंदीवर आधारलेले मालकीचे प्रमाणपत्र, ज्याला एनएफटी म्हणतात. मार्च २०२१ मध्ये बीपल या टोपणनावाच्या अमेरिकी कलाकाराची अशी एक कृती ख्रिस्तीज या लिलावगृहाने ६ कोटी ९३ लाख डॉलरला विकली आणि जगभर लाट उसळली. भारतात वित्त कायदा २०२२ ने अशा ‘आभासी डिजिटल मालमत्ते’च्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर लावला, १ जुलै २०२२ पासून १ टक्का मुळातून कपातही सुरू झाली. तोट्याची वजावट इतर उत्पन्नातून मिळत नाही. लाट पुढे ओसरली ती प्रामुख्याने जागतिक बाजारातील घसरणीमुळे, केवळ या करामुळे नव्हे. मात्र विपुल वस्तूभोवती कृत्रिम कुंपण घालून टंचाई निर्माण करण्याचा हा प्रयोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने बारकाईने अभ्यासावा असाच आहे.

हात कोणाचा, नाव कोणाचे

हे दोन्ही प्रवाह दिल्लीतील काही प्रदर्शनांत शेजारी शेजारी आले आहेत. साकेतच्या किरण नाडर संग्रहालयात २०१३ मध्ये नसरीन मोहम्मदी (१९३७-१९९०) यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. कराचीत जन्मलेल्या, बडोद्यात अध्यापन केलेल्या आणि अलिबागजवळील किहीम येथे देह ठेवलेल्या या चित्रकर्तीने आयुष्याच्या उत्तरार्धात केवळ शाई, पेन्सिल व अभियंत्याची आरेखन-साधने वापरली. कागदावर समांतर रेषांचे जाळे, एवढेच. तीत कोठेही अक्षर नाही. तरीही कूफी लिपीची आणि पडद्यावरील जाळीची एकाच वेळी आठवण व्हावी अशी ती चित्रे आहेत. हेच प्रदर्शन पुढे विस्तारत २०१५ मध्ये माद्रिदला आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात गेले.

त्याच साकेतमध्ये जानेवारी २०२० मध्ये झरीना यांचे प्रदर्शन सुरू झाले. अलीगढमध्ये १९३७ साली जन्मलेल्या आणि आयुष्यातील मोठा काळ परदेशांत काढलेल्या या मुद्राचित्रकर्तीचे त्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल २०२० मध्ये, लंडन येथे निधन झाले. ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ (१९९९) ही त्यांची ३६ काष्ठमुद्रांची मालिका प्रसिद्ध आहे. दार, उंबरा, अंगण, सीमा अशा घरासंबंधी एकेक कल्पना, तिची भौमितिक आकृती आणि खाली नस्तालीकमध्ये एक उर्दू शब्द. हे शब्द त्यांनी व्यावसायिक कातिबाकडून लिहून घेतले होते. कल्पना, रचना, खोदकाम व स्मृती सर्वस्वी झरीना यांची, यात शंका नाही. परंतु प्रदर्शन पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला कातिबाचे नाव सांगता येत नाही. कलाबाजाराचा नियमच असा आहे की तो कृतीबरोबर एकच नाव विकत घेतो. शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये ‘महातारकांचे अर्थशास्त्र’ मांडले. गुणवत्तेतील लहानसा फरक उत्पन्नातील प्रचंड फरकात कसा बदलतो, हे त्यांनी दाखवले. सुलेखनाच्या बाबतीत त्यात एवढीच भर घालावी लागेल की काही वेळा फरक गुणवत्तेत नसून चौकटीत असतो. तोच हात वृत्तपत्राच्या पानावर मजुरी मिळवतो आणि चौकटीत गेल्यावर किंमत.

याच संदर्भात मकबूल फिदा हुसेन यांचा उल्लेख आवश्यक आहे. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी लहानपणी कूफी सुलेखनाचे धडे गिरवले होते. पुढे मुंबईत चित्रपटांची फलके रंगवून उपजीविका केली. म्हणजे अक्षराचा आणि फलकाचा, असे दोन्ही रोजंदारीचे मार्ग त्यांना ठाऊक होते. त्यांचे १९५४ मधील ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथे सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलरला विकले गेले. २०२४ मध्ये व्हेनिस येथे किरण नाडर संग्रहालयाने त्यांच्यावर प्रदर्शन भरवले, तेव्हा प्रेक्षकांना चारही बाजूंनी वेढणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाचा आधार घेतला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कतारची राजधानी दोहा येथे उघडलेल्या त्यांच्या संग्रहालयाचे नाव ‘लौह व कलम’, अर्थात पाटी आणि लेखणी, असे आहे.

दिल्लीत सुलेखनाचा स्वतंत्र कला म्हणून पाठपुरावा करणाऱ्यांत कमर डागर यांचे नाव घ्यावे लागेल. ध्रुपद गायकांच्या डागर घराण्यातील या कलावतीने उर्दू व हिंदी या दोन्ही लिप्यांतून चित्रसुलेखन केले आणि निरनिराळ्या लिप्यांच्या सुलेखनकारांना एका मंचावर आणले. राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्काराने त्यांचा गौरव झाला आहे. महाराष्ट्रात हेच काम देवनागरी व मोडीच्या संदर्भात अच्युत पालव यांनी केले. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. र. कृ. जोशी यांनी तर त्यापुढचे पाऊल टाकले. जाहिरातक्षेत्रातून आलेल्या या सुलेखनकाराने संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच घडवला आणि आज कोट्यवधी लोक तो कोणाचा हे न जाणता वापरतात. सुलेखनकाराने यंत्राबाहेर न राहता यंत्रात शिरावे, हा मार्ग त्यांनी दाखवून दिला. उर्दूच्या बाबतीत पुण्याच्या सी-डॅक या शासकीय संस्थेने नस्तालीकसाठी आज्ञावली व अक्षरसंच तयार केले, हेही याच मार्गावरचे काम होय.

कायदा, कर आणि प्रशिक्षण

आता शासनाच्या भूमिकेकडे वळता येईल. कॉपीराइट अधिनियम १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम घालण्यात आले. चित्र, शिल्प, रेखाटन किंवा साहित्य, नाट्य वा संगीतकृतीचे मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास कर्त्याला वा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मिळावा. हा वाटा दहा टक्क्यांहून अधिक असू नये, अशी ती तरतूद आहे. वाट्याचे प्रमाण ठरवण्याचे काम प्रथम कॉपीराइट मंडळाकडे होते. न्यायाधिकरणे रद्द करणाऱ्या २०२१ च्या कायद्यानंतर असे विषय न्यायालयांकडे गेले. कागदावर ही तरतूद अनेक देशांच्या पुढे आहे. व्यवहारात ती निपचित पडून आहे. पुनर्विक्रीची नोंद ठेवणारी आणि वाटा वसूल करून देणारी यंत्रणाच नसेल, तर एकट्या कलाकाराने लिलावगृहाच्या मागे कसे लागावे? एनएफटीच्या पुरस्कर्त्यांनी पुनर्विक्रीत आपोआप वाटा मिळण्याचे आश्वासन दिले होते. पुढे अनेक बाजारपेठांनी तो वाटा ऐच्छिक केला. नोंदवही चोख असली तरी ती पाळण्याची सक्ती कोणीतरी करावी लागते, एवढा धडा त्यातून मिळाला.

करांच्या बाबतीत अलीकडचा बदल लक्षात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चित्रे व शिल्पे यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण त्याचा मोठा लाभ कलादालनातून विकल्या जाणाऱ्या कृतींना होईल. पाटी रंगवणारा किंवा लग्नपत्रिका लिहिणारा त्या साखळीत नाही.

प्रशिक्षणाची बाजू अधिक महत्त्वाची आहे. दिल्लीतील निजामुद्दीन वस्तीत १९६९ मध्ये सुरू झालेल्या गालिब अकादमीने सुलेखनाचे वर्ग दीर्घकाळ चालवले. १९९६ पासून कार्यरत असलेली राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद देशभरातील केंद्रांतून दोन अभ्यासक्रम चालवत आली आहे. एक, ‘सुलेखन व ग्राफिक डिझाइन’ हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. आणि दुसरा, संगणक उपयोजन, व्यवसाय लेखांकन व बहुभाषिक डीटीपी यांचा एक वर्षाचा. कातिबाला घडवणारा आणि त्याची जागा घेणाऱ्याला घडवणारा, असे दोन्ही वर्ग एकाच छत्राखाली भरतात. यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. उलट शासनाच्या सांस्कृतिक धोरणात जे क्वचितच घडते ते येथे घडले आहे: विस्थापन करणारे तंत्र आणि विस्थापित होणारे कौशल्य यांचा विचार एका ठिकाणी झाला. उणीव आहे ती पदविकेनंतरच्या मागणीची. विद्यार्थी शिकून बाहेर पडतो, पण त्याला रोज लिहायला लावणारी कचेरी आता नाही. कलामेळाव्यात स्थान मिळवणे हे मोजक्यांच्याच वाट्याला येणार.

डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने अरबी सुलेखनाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. सोळा देशांनी मिळून केलेला तो प्रस्ताव होता. भारत त्यात नव्हता. प्रतिष्ठेच्या दृष्टीने याची खंत वाटणे स्वाभाविक असले, तरी यादीत नाव येण्याने मागणी निर्माण होत नाही. मागणी अन्यत्र आहे.

२००३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनचे रूपांतर २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मिशनमध्ये करण्यात आले. देशातील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे त्याचे उद्दिष्ट असून त्यासाठीची तरतूद साडेतीन कोटी रुपयांवरून ६० कोटी रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. या हस्तलिखितांत अरबी लिपीतील फारसी, अरबी व उर्दू ग्रंथांचा वाटा लहान नाही. हस्तलिखिताचे छायाचित्र घेणे सोपे; ते वाचून त्याची नोंद करणे अवघड. हस्ताक्षर वाचणारी यंत्रे आता तयार होत आहेत, पण त्यांना शिकवण्यासाठी आधी माणसाने अचूक वाचलेली हजारो पाने लागतात. घाईचे हस्ताक्षर, गाळलेले ठिपके, एकमेकांत गुंतलेली अक्षरे सोडवण्याची नजर ज्याला आहे, तोच हे काम करू शकतो. ही नजर लिहिण्याच्या सरावातून येते. यंत्राने अरबी लिपीसारखी दिसणारी, पण कोणताही अर्थ नसलेली नक्षी निर्माण केली, तर तीतील फोलपणाही तिला ताबडतोब कळतो.

मोडीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. विसाव्या शतकात मोडी शाळेतून गेली. २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने ती पूर्ववत झाली. पण दफ्तरखान्यांतील लाखो मोडी कागद त्यामुळे वाचले गेले नाहीत. त्यांच्यासाठी महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाला माणसांचे प्रशिक्षण वर्ग घ्यावे लागतात. जमिनीच्या जुन्या नोंदींचा प्रश्न उभा राहिला की मोडी वाचकांचा शोध सुरू होतो आणि ते पुरेसे मिळत नाहीत. अरबी लिपीच्या बाबतीत परिस्थिती अद्याप त्या थराला गेलेली नाही. लिपी जिवंत आहे, शिकवणारे आहेत, उर्दू परिषदेची केंद्रे आहेत. त्या केंद्रांच्या दोन वर्षांच्या सुलेखन पदविकेला हस्तलिखितवाचनाचे एक सत्र जोडावे आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांना ‘ज्ञान भारतम्’च्या नोंदणीकामावर पानाच्या हिशेबाने मानधन द्यावे, तर कातिबाला पूर्वी ज्या पद्धतीने मोबदला मिळत असे त्याच पद्धतीने तो पुन्हा मिळू लागेल, आणि त्यासाठी लागणारा निधी त्या ६० कोटींचा एक किरकोळ हिस्सा असेल.